उलट्या वळणाची बिडी

गोंदियाच्या स्टेशनावर उतरलो की पहिला भेटणारा हमखास विचारायचा, "काय आणलं जी रंगूनहून?" मस्तकात तिडीक जायची. काय आणणार? बोटीआधी लस टोचून सुजलेला दंड, कस्टमवाल्याने उचकलेली वळकटी, आणि बोटीच्या डेकवर ओकणाऱ्यांच्या पायांशी काढलेल्या रात्रींची अंगदुखी. गावाला वाटायचं, शेठच्या पैशावर सायबासारखा हिंडतो. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्या शेठच्या कारखान्याची बिडी कलकत्त्याला आणि तिथून बोटीने ब्रह्मदेशात जायची. ती विकायची, तक्रारी ऐकायच्या, परत यायचं, की पुन्हा निघायचं, हे माझं काम. गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या आमच्या घरात मी पाहुण्यासारखा. घर चालायचं माझ्या थोरल्या बहिणीच्या जिवावर. आम्ही तिला बाई म्हणायचो. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि शेठच्याच कारखान्यासाठी बिड्या वळत होती.

बाई डावखुरी. त्यामुळे तिच्या बिडीवर पानाची कड इतरांच्या उलट दिशेने चढायची. एवढाच काय तो फरक. पण कारखान्यात बिड्या तपासणारा मुनीम रोज इतर बायकांचा एखाद-दुसरा, पण तिचे मात्र कितीतरी कट्टे, म्हणजे बिड्यांच्या जुड्या, उचलून मागच्या टोपलीत फेकायचा. त्याला छाट म्हणत. छाटीची मजुरी नाही, बिडीही परत नाही. "उलटी बीडी गाहक वापस करता है," तो सगळ्या बायकांदेखत म्हणायचा, "छाट भट्टी में जाती है. हाथ सुधार, नहीं तो नाम काट दूँगा."

नाव कापलं जाईल या धास्तीने बाई उजव्या हाताने वळायला लागली. एकदा मी परतलो तर ती डावा हात पदराच्या टोकाने कमरेला बांधून बसलेली. सूप मांडीवर, आणि उजव्या हातातून पान सुटून सुटून जात होतं.

"हे काऊन करून राहिली?" मी ओरडलो.

"कायले बोंबलतं? लोक घेत नाही म्हणतेत माही बिडी. तू तं तिकडं जातं. खरंच घेत नाही का गा?"

मला काय ठाऊक? मी पेट्या विकत होतो, पेटीच्या आत कधी डोकावलोच नव्हतो. पुढच्या खेपेला मात्र डोकावायची वेळ आली. रंगूनच्या दुकानदाराला संशय आला की समुद्राच्या हवेने मालाला बुरशी लागली असेल. त्याने सगळ्यात भारी लेबलाच्या पेट्या माझ्यासमोर फोडल्या. बुरशी नव्हती. पण एका पेटीत कट्ट्यामागून कट्टे निघाले ते उलट्या वळणाचे.

"खराबी है?" मी विचारलं.

"खराबी किसमें?" तो म्हणाला आणि त्यातलीच एक शिलगावून मजेत ओढू लागला.

भट्टीत जाते म्हणे! हरामखोरांनो, भट्टी थेट रंगूनला होती होय तुमची? त्या संतापात उरलेला सौदा कसा केला मला आठवत नाही. परतीच्या बोटीत जेवण गेलं नाही. एक कट्टा मी उशाशी ठेवला होता.

घरी येऊन तो बाईच्या सुपात टाकला. तिने एक बिडी काढून बोटांत फिरवली. "माही होय," ती म्हणाली. मग कमरेचा पदर सोडला आणि डाव्या हाताने वळायला बसली.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्यासोबत कारखान्यात गेलो. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण बाईने हातानेच मला मागे सारलं. मुनिमाने तिचा कट्टा पाहिला आणि सवयीने टोपलीकडे नेला.

"थांबा जी," बाई म्हणाली. "फेकू नका. मोडा."

"क्या?"

"भट्टीतच टाकता ना? मंग माह्यापुढं मोडा."

मुनिमाने गादीवर बसलेल्या शेठकडे पाहिलं. शेठ माझ्याकडे पाहत होते; रंगूनच्या पेटीत काय निघालं ते मी पाहिलंय, हे त्यांनी ओळखलं असावं. कट्टा हातात तसाच. चांगली बिडी मोडायला कोणाचा हात धजतो? शेवटी त्याने तो चांगल्या मालात ठेवला. रांगेतली मागची बिडीवाली पुढे सरकली, "माहीही मोडा." मग तिच्या मागची. त्या दिवशी एकही बिडी मोडली गेली नाही आणि एकही टोपलीत गेली नाही.

पुढच्या खेपेला रंगूनला शेठचा पुतण्या गेला. मला घरी बसवलं. बसवू द्या, त्या डेकला मी विटलोच होतो. मुनीम नंतर बाईच्या कट्ट्यांना हात लावायला धजावला नाही, तिचं नावही कापलं गेलं नाही. लोक म्हणायचे, जिंकली बाई. काय जिंकली, डोंबल? त्या माणसाने वर्षानुवर्षं तिच्या मनात जे भरवलं ते तिथेच राहिलं. पुढे कितीतरी वर्षं ती बिडी वळायची, उजेडात धरायची, आणि दोरा बांधण्याआधी मला विचारायची, "पाह्य ना, बरी आहे ना गा?"