दिवेलागणीच्या आत बंगलोर

आमच्या अर्जुनी मोरगावच्या घरात मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, एक कायदा होता. सकाळी घरून निघालेला माणूस दिवेलागणीच्या आत जिथे पोचत नाही, तिथे पोरगी पाठवायची नाही. लग्न करूनही नाही. पोरीवर काही प्रसंग आला तर बाप त्याच दिवशी दारात उभा राहिला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मला मात्र तो कायदा ऐकला की डोक्यात तिडीक जायची.

मला बंगलोरला नोकरी लागली. रेल्वेनं एक रात्र आणि वर एक दिवस. "नाही," मोठे बाबा म्हणाले. मग मी विमानाची गोष्ट काढली. नागपूर ते बंगलोर हवेतून जेमतेम नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास.

"एवढ्या वेळात त आपली एसटी नागपूरले नाही पोचत," ते म्हणाले. "फेकून राहिली का?"

"तुम्हीच चला अन् पाहा," मी म्हटलं.

धानाची मळणी उरकली होती, त्यामुळे सबब उरली नाही. ठरलं असं की बंगलोरला मी घेतलेल्या खोलीवर दिवसाउजेडी पोचलो तर मी राहायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर परत यायचं.

पहाटेची एसटी धरली, दुपारचं विमान. मोठे बाबा पूर्ण वेळ खिडकीतून सूर्याकडे बघत बसले, जणू तो गडी कामचुकारपणा करेल. बंगलोरला उतरलो तेव्हा ऊन चांगलं होतं आणि मी मनातल्या मनात जिंकलेही होते. पण टॅक्सी गर्दीत अशी रुतली की आम्ही विमानात बसलो नसू तेवढा वेळ तिच्यात बसलो. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

खोलीच्या जिन्यात पाय ठेवला आणि त्यांचा मोबाइल वाजला. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, होती. स्पीकर चालूच होता.

"पोचले का जी? आमची त सांजची वंदना झाली, दिवा लागून गेला."

मोठ्या बाबांनी वर पाहिलं. समोरच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अजून पिवळं ऊन होतं. दक्षिणेला हिवाळ्यात सूर्य जरा उशिरा बुडतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही तोंड उघडलं नाही. त्यांनी त्या उन्हाकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोचलो," ते म्हणाले. "इथं दिवस हाय अजून."

"अवो, पण आपल्याकडं त अंधार पडला!"

"पडू दे. पोर आता इथं राह्यणार हाय, त सूर्यबी इथलाच पाहाचा."