थोरल्याच्या स्टीरिओची दारं

साठी उलटून गेली तरी गल्लीतली माणसं त्याला ‘धाकटे’च म्हणायची. एके काळी रेडिओ-टेप दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन भाऊ बसत, थोरला आणि धाकटा. थोरल्याच्या हाताला गुण असा, की बिघडलेलं यंत्र नुसतं त्याच्यापुढे ठेवलं तरी निम्मं बरं व्हायचं. पण बोलायचं नाव नाही. गप्पा धाकट्याकडे. ‘दोघांत मिळून जीभ एकच, आणि ती धाकट्यानं पळवली,’ असं लोक हसून म्हणायचे.

थोरला दुकान सोडून गेला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला आणि पुन्हा त्यानं कुणाचं यंत्र दुरुस्तीला घेतलं नाही. धाकटा सुरुवातीला महिन्यातून एकदा भेटायला जायचा. मग सहा महिन्यांतून एकदा. मग वहिनी गेली तेव्हा गेला, तेवढाच.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडून तो काउंटर पुसत होता, तेवढ्यात पुतणी आली. चाळिशीची, अंगानं वाळलेली. शाळेत हिशेबनीस होती. तिनं बसायलाही नकार दिला.

“काका, बाबांच्या स्टीरिओची दारं अडकलीत.”

“कसा आहे दादा?”

“फुप्फुसं गेलीत. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.” एवढं सांगून ती पुन्हा दारांवर आली. “डावं दार चार बोटं सरकतं आणि मागे येतं. उजवं हलतच नाही. आत मोटर नुसती कण्हत राहते. मी दुसऱ्या कुणाला तरी आणणार होते. पण बाबा म्हणाले, धाकट्यालाच बोलाव.”

“त्या अवस्थेत गाणी ऐकतो?”

“गाणी नाहीच ऐकत. हात वर केला की दारं उघडतात, खाली घेतला की मिटतात. पडल्या पडल्या तेवढंच बघतात. आपण हात हलवला की घरात काहीतरी हलतं, एवढंच उरलंय त्यांच्याकडे.”

त्यानं दुपारी दुकानाला कुलूप लावलं, हत्यारांची पेटी घेतली आणि तो गेला.

थोरल्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक खिडकी, एक पलंग, पलंगाशेजारी श्वासाचं यंत्र आणि पायांच्या बाजूला भिंतीवर तो स्टीरिओ. उभा, सपाट, पुढे धुरकट काचेची दोन दारं. समोर हात हलला की त्याच्या सेन्सरला कळायचं, आतला दिवा पेटायचा आणि दारं दोन बाजूंना सरकायची. भंगारात निघालेला तो तुकडा दोघा भावांनी मिळून जिवंत केला होता. दुकान सोडताना थोरल्यानं तेवढाच बरोबर नेला होता.

थोरला उशांना टेकून बसला होता. नाकात नळी. छातीचा भाता वरखाली होत होता. भावाला पाहून त्यानं मान हलवली.

“आलास.” मग एक श्वास घेऊन, “म्हातारा झालास रे.”

“तू तरी कुठे तरणा राहिलास?”

थोरला हसला आणि त्या हसण्याचा खोकला झाला. पुतणीनं येऊन त्याची पाठ चोळली. खोकला थांबला तशी त्याला ग्लानी आली. पुतणी औषधं आणायला गेली. खोलीत श्वासाच्या यंत्राचा आवाज तेवढा राहिला.

धाकट्यानं वायर काढली, स्टीरिओ भिंतीवरून उतरवला आणि जमिनीवर चादर टाकून पालथा घातला. काय झालं असणार हे त्याला उघडायच्या आधीच ठाऊक होतं. अशा यंत्रात मोटरला एक रबरी पट्टा असतो. पट्ट्यावर एक चाक फिरतं, चाकावरून बारीक दोरी जाते आणि ती दोरी दोन्ही दारं ओढते. वर्षं उलटली की रबर विरघळतं. झालंही तेच होतं. पट्ट्याचं डांबर होऊन चाकाच्या खाचेत बसलं होतं. शिवाय प्लास्टिकच्या दातेरी चाकाला चीर गेली होती. काम दोन दिवसांचं होतं. चाकाला पितळी कडं बसवायला हवं होतं, ते दुकानातल्या यंत्रावरच झालं असतं.

तो चाक सोडवत होता. तेवढ्यात मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद त्याला दिसला.

पेन्सिलीनं लिहिलेल्या एकोणीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक तारीख आणि पुढे तेच तीन शब्द. ‘फ्यूज पाहिला. ठीक.’ वर्ष बदलत होतं, दिवस आणि महिना तोच. वरच्या ओळींतलं अक्षर थोरल्याचं नेहमीचं, छापल्यासारखं. खालच्या दोन-तीन ओळी मुंग्या चालल्यासारख्या वाकड्या झाल्या होत्या.

तारीख त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच तारखेला टेलरचं दुकान जळालं होतं.

टेलर शेजारच्या गल्लीतला. दिवसभर शिलाई करताना गाणी लावायचा. त्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता. फ्यूज सारखा उडत होता. धाकट्यानं तो उघडला. त्या मापाचा फ्यूज दुकानात नव्हता, म्हणून दोष कुठे आहे ते पाहायला त्यानं फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळून घातला. तपासण्यापुरता. हे कधीच करायचं नसतं, हे थोरल्यानंच त्याला शिकवलं होतं. दोष सापडला, सोल्डरचा डाग मारला, ॲम्प्लिफायर वाजायला लागला. तार काढायची राहिली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून तो बाहेर जाऊन गप्पा मारत उभा राहिला. टेलर घाईत आला. थोरल्यानं वाजणारा ॲम्प्लिफायर पाहिला, झाकण लावलं आणि देऊन टाकला.

तीन दिवसांनी भर दुपारी तो तापून पेटला. शेजारी कापडाचे तागे. टेलर जेवायला बाहेर गेला होता. मागच्या खोलीत त्याची म्हातारी आई झोपली होती.

पोलिसांच्या चौकशीत जळक्या डब्यात ती तार सापडली. दोघा भावांना बोलावलं. “काम कुणी केलं?” साहेबानं विचारलं. सगळ्या गल्लीला पुरून उरणारी धाकट्याची जीभ त्या दिवशी लुळी पडली. आणि जो कधी बोलायचा नाही, तो थोरला बोलला. “झाकण मी लावलं. आत तार असेल तर ती माझ्याच हातची असणार.”

धाकटा मूग गिळून बसला. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत खटला उभा राहिला आणि संपलाही. थोरला दीड वर्ष आत काढून आला. शिकत असलेल्या पुतणीचं कॉलेज सुटलं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते पुन्हा जमलं नाही.

हे सगळं आठवत धाकटा त्या पालथ्या यंत्रासमोर मांडी घालून बसला होता. इतकी वर्षं त्यानं मनाची एक समजूत घातली होती. दादाला माहीत आहे, दादानं जाणूनबुजून मला पाठीशी घातलं, मोठा भाऊ आहे, त्यात काय. त्या समजुतीवर त्याला झोप लागायची. समोरचा कागद वेगळं सांगत होता. जाणूनबुजून दुसऱ्याला वाचवणारा माणूस दरवर्षी स्वतःच्या घरातला फ्यूज उघडून बघत नाही. थोरल्याला खरंच वाटत होतं की त्यानंच ती म्हातारी मारली.

पुतणी परत आली तेव्हा त्यानं झाकण उलटं करून ठेवलं होतं. “चाक घेऊन जातो. परवा येतो,” एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

तिसऱ्या दिवशी तो आला. पितळी कडं बसवलेलं चाक जागेवर घातलं, खाचेतलं डांबर स्पिरिटनं पुसून काढलं, नवा पट्टा चढवला. ताण देताना दोरी तीनदा सुटली. थोरला पलंगावरून सगळं बघत होता.

“डावीकडे अर्धा फेरा जास्त दे,” तो म्हणाला. “नाहीतर दारं मधोमध मिळणार नाहीत.”

धाकट्यानं अर्धा फेरा जास्त दिला. स्टीरिओ भिंतीवर टांगला, वायर लावली. थोरल्यानं चादरीखालून हात काढला. मनगटाचं नुसतं हाड राहिलं होतं. त्यानं तो वर केला. दिवा पेटला आणि दोन्ही दारं आवाज न करता बाजूला झाली. त्यानं हात खाली घेतला. दारं मिटली. पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्यांदा हात उचलवेना, तेव्हा तो थांबला.

“तुझा हात सुधारला रे,” तो म्हणाला.

पुतणी दाराशी उभी होती. तिला बाहेर पाठवून बोलावं असं धाकट्याच्या मनात आलं होतं. पण पाठवलं तर आपण पुन्हा कच खाऊ, हे त्याला ठाऊक होतं. तो पलंगाच्या कडेला बसला.

“दादा, टेलरच्या मशीनमधली तार मी घातली होती.”

थोरल्यानं डोळे किलकिले केले.

“मी घातली. तपासायला. काढायची राहिली. चौकशीच्या वेळी मला माहीत होतं. खटल्याच्या वेळी माहीत होतं. तू आत गेलास तेव्हाही. मी भ्यालो, दादा. तुझा त्यात काही संबंध नव्हता. तू नुसतं झाकण लावलंस.”

थोरल्यानं तोच हात उचलून भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

“कागद वाचलास, होय?”

“वाचला. पण त्यासाठी नाही—”

“वेडा आहेस.” श्वास. “मरणाऱ्याचं मन राखायला एवढं खोटं बोलू नये.”

“दादा, खोटं नाही हे! आईशपथ.”

“आईची शपथ तू लहानपणी रोज तीनदा घ्यायचास.” थोरला हसत होता. “अरे, एकवीस वर्षं मी ती तार रोज पिळतोय. कशी धरली, किती वेढे दिले, बोटाला कुठे टोचली. माझ्या बोटांना ठाऊक नाही, होय?”

“ती बोटं माझी होती.”

“बरं, तुझी.” लहान मुलाची समजूत काढावी तसं तो म्हणाला. मग मान वळवून मुलीला म्हणाला, “बघ तुझ्या काकाला. मी उगाच म्हणायचो, याला माया नाही, हा येत नाही. माझं पाप अंगावर घ्यायला आलाय.”

धाकट्यानं पुन्हा सांगितलं. दुकानात फ्यूज कसा नव्हता, हाक कुणी मारली, थोरला तेव्हा कुठल्या खुर्चीवर होता. जितकं तो बारकाईनं सांगत गेला तितके थोरल्याचे डोळे भरून येत गेले. “किती तयारी करून आलायस,” तो म्हणाला. शेवटी थकून त्यानं डोळे मिटले, पण हात भावाच्या गुडघ्यावरून काढला नाही.

धाकट्यानं वर पाहिलं. पुतणी त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला सगळं खरं वाटलं आहे.

अकरा दिवसांनी थोरला गेला. त्या अकरा दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो दम लागेपर्यंत धाकट्याचं कौतुक सांगत होता. अंत्ययात्रेला गोदामावरचे लोक आले होते. एकेकानं येऊन धाकट्याचा हात हातात घेतला. “भाऊ असावा तर असा,” ते म्हणाले. त्याला प्रत्येकाला मान हलवावी लागली.

सगळे गेल्यावर पुतणी पायऱ्यांवर त्याच्याजवळ आली. तिनं आवाज चढवला नाही.

“बाबा बाहेर आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तेव्हा सांगितलं असतंत तरी त्यांनी मानलं असतं.”

“हो.”

“टेलर अजून आहे. बाजाराच्या मागे बसतो. त्याला सांगा. मला तुमच्याशी बोलायचं नाही, काका. पण त्याला सांगा.”

तो दुसऱ्याच दिवशी गेला. टेलरला आता स्वतःचं दुकान नव्हतं. रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून तो पँटी आखूड करून द्यायचा. धाकट्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेलरनं मशीन थांबवलं नाही. शिवण टोकाला पोहोचली, तेव्हा त्यानं दोरा तोडला, पँट घडी करून बाजूला ठेवली.

“तुमचा भाऊ सुटल्यावर पहिला माझ्याकडे आला होता,” तो म्हणाला. “माझे हात धरून रडला. मी त्याला बसवलं. तो आठ दिवस येत राहिला. नवव्या दिवशी मी त्याला माफ केलं. सोपं नव्हतं ते. मला आजारपण आलं त्यानं.”

त्यानं सुईत नवा दोरा ओवला.

“आता तुम्ही म्हणता, माणूस तो नव्हताच. मग ती माफी कुणाला गेली?” टेलरनं पुढची पँट उचलली, खडूची खूण शोधली. “मला आता पुन्हा ते जमणार नाही. वय झालं माझं. तुम्ही जा.”

“पोलिसांत जाऊन सांगू का?”

“तुमची मर्जी. मला मधे घेऊ नका.”

तो गेलाही. ठाण्यातल्या तरुण अंमलदारानं सगळं ऐकून घेतलं, जुनी वर्षं बोटांवर मोजली, एवढ्या जुन्या प्रकरणाचे कागद इथे नसतात, असं म्हणाला आणि त्यानं त्याला पाणी विचारलं. बाहेर पडल्यावर धाकटा बराच वेळ फाटकापाशी उभा राहिला. मग दुकान उघडायची वेळ टळून गेली होती तरी दुकानाकडे चालू लागला. वाटेत ओळखीच्या दोघांनी त्याला थांबवून भावाबद्दल विचारलं, आणि दोघांनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला.