अहमदपूरच्या पुढं

नांदेडहून लातूरला जाताना आधी लोहा लागतं, मग अहमदपूर, मग चाकूर. आई लातूरला एकटी, मी नोकरीसाठी नांदेडला एकटी, आणि मध्ये ही तीन गावं.

पहिला झटका लोह्याच्या अलीकडे आला. एसटीत खिडकीशी बसले होते, घाबरायला तसं काही कारणही नव्हतं. एकदम छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली आणि आपण आता मरणार याची खात्रीच पटली. गळ्यातला दोरा आवळतोय असं वाटून तो ओढून काढला, पर्समध्ये कोंबला आणि लोह्याला उतरून परत फिरले. त्या दोऱ्यात चांदीची डबी होती, डबीत माझं इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. मी ते किल्ल्या आणि रुमालात टाकून दिलं होतं.

डॉक्टरांनी ईसीजी बघून सांगितलं, हार्ट ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक. अकरावीच्या पोरांना हृदयाचे चार कप्पे शिकवणारी मी, त्या कागदाचं काय करावं मला कळेना. गोळ्या मिळाल्या, श्वास मोजायला शिकले. खोलीत जमायचं, वर्गातही जमायचं. लातूरच्या एसटीत जमायचं नाही. दोरा तर गळ्यात घालवतच नव्हता. डबी कपाटात साड्यांखाली ठेवली.

आईला काही सांगितलं नाही. ती आधी माझ्या गळ्याकडे बघणार आणि अंगावेगळं केलंस म्हणूनच हे झालं म्हणणार. खरं तर आतून मलाही तसंच वाटत होतं, बायॉलॉजी गेली खड्ड्यात. मग कधी पेपर तपासणी, कधी मीटिंग, दर महिन्याला नवी थाप. एकदा हिय्या करून निघाले, तर अहमदपूरला उतरावं लागलं. तिथल्या स्टँडवर दीड तास बसून होते. एवढी माणसं ये-जा करत होती, पण मी तिथं मेले असते तरी कुणीतरी बॅग सरकवून जागा केली असती, एवढंच. इतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मात्र काही म्हणजे काही झालं नाही. त्याचाच जास्त राग आला.

शेवटी दिवाळीलाही गेले नाही, आणि फोनवर रडूच फुटलं. डबीचं सोडून सगळं सांगितलं. "अहमदपूरच्या पुढं येताच येत नाही गं."

आई म्हणाली, "अहमदपूरपर्यंत येतीस ना? मंग रविवारी मी तिथं येते."

रविवारी ती माझ्या आधीच बाकावर येऊन बसली होती. मांडीवर धपाट्यांचा डबा, पण पूजा राहिली म्हणून उपाशीच. तिची नजर माझ्या गळ्यावर गेली. मी ओढणी वर ओढली.

"कुठंय?"

"कपाटात. घातलं की जीव गुदमरतो."

आता बोलणी सुरू होणार, असं वाटून मी मान खाली घातली. पण स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून तिनं आपली डबी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. आमच्यात पूजा अशीच, तळहातावर घेऊन एकटक बघत बसायचं. एकाचं लिंग दुसऱ्याच्या हातात मात्र देत नाहीत.

"डावा हात म्होरं कर," ती म्हणाली.

"रिकामाच?"

"रिकामाच धर. त्याच्याकडंच बघ."

तिच्या हाताशेजारी मी माझा हात धरला. तो लटपटत होता. मागे लातूर, उदगीर, नांदेड अशा आरोळ्या चालल्या होत्या. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण हात हळूहळू थांबला. मग आम्ही धपाटे खाल्ले.

लातूरची गाडी लागली तशी मी तिच्याबरोबर उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथंच थांबले. तिनं माझा हात ओढला नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "पुढल्या रविवारी मी चाकूरला बसते."