नदीकाठचं बाक

डॉक्टरकाका राहायचे मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत, पण बोलायचे इंग्लंडमधल्या एका टीचभर गावाबद्दल. तिथे एकतीस वर्षं दवाखाना चालवून ते मुलाकडे आले होते. लॉकडाउनमध्ये एका माणसासोबत तासभर फिरायची मुभा होती. काकांचा तो माणूस मी, शेजारचा. मास्कमधूनही त्यांचा इतिहास स्वच्छ ऐकू यायचा.

"बाजाराची सनद राजाने दिली, पूल लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधला. प्लेग आला तेव्हा गावाने आपणहून वेस बंद केली. शहाणं गाव रे."

"आणि आता?"

"आता जुन्या कपड्यांची चार दुकानं, तीन न्हावी आणि एक मेयर. त्याच्या गळ्यातली पदाची साखळी एवढी जाड, की तो पळून जाईल अशी गावाला भीती असावी."

काकू तिथेच प्रसूतीच्या नर्स होत्या. निम्मं गाव त्यांच्या हातांत जन्मलं. त्या गेल्यावर गावाने नदीकाठी त्यांच्या नावाचं लाकडी बाक ठेवलं. काका दरवर्षी जाऊन त्याला जवसाचं तेल लावून यायचे. सीमा बंद झाल्या; काकांनी परवानगी मागितली. बाकाला तेल लावणं हे देशाबाहेर जाण्याचं कारण होत नाही, असं कळलं.

मग गावाने ते बाक हलवायचा ठराव आणला. त्या जागी महामारीतल्या शूरांसाठी शिळा बसणार होती, खाली मेयरचं नाव. त्यावरची सभा ऑनलाइन होती, आपल्या सकाळी सहाला. मीही घरून लिंक उघडली. काका सूट-टाय घालून बसले होते. त्यांना तीन मिनिटं मिळाली.

त्यांनी राजापासून सुरुवात केली.

पूल झाला, प्लेग झाला, आणि काकूंपाशी पोचायच्या आत वेळ संपला. "थँक यू, डॉक्टर. फॅसिनेटिंग," मेयर म्हणाला आणि त्याने काकांचा आवाज बंद केला. त्यांचे ओठ मात्र बराच वेळ हलत होते. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ठराव मंजूर; एका परदेशस्थ रहिवाशाने गावाच्या इतिहासाबद्दल आस्था व्यक्त केली. काकांनी एकतीस वर्षं ज्यांचे घसे तपासले, त्यांनी काकांचाच घसा बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरून आलो. फाटकाशी काका म्हणाले, "राजाला वगळायला हवं होतं रे."

"काका, चूक तुमची नाही."

"माझीच. त्यांना इतिहास आवडतो असं मी धरून चाललो."

सीमा उघडायच्या आत काका गेले. महिन्याभरात त्यांच्या मुलाला मेयरचा ईमेल आला: आमच्या लाडक्या डॉक्टरांच्या नावाने बाक ठेवण्याचा मानस आहे. मुलाने मला म्हटलं, "तूच लिही. माझ्याने शिव्याच लिहिल्या जातील."

मी राजा वगळला, पूल वगळला. पहिल्याच ओळीत काकूंचं नाव लिहिलं आणि विचारलं, त्यांचं बाक कुठे आहे?