सत्तेचाळिसावी नळी

मावशी आमच्या कारखान्यात फिटर आहे. समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना. तिला सगळेच मावशी म्हणतात, तिच्याहून वयानं मोठा वॉचमनसुद्धा. मी नोंदवही लिहितो.

त्या दिवशी बारा वाजता शहराला पहिल्यांदा पाणी सुटणार होतं. दहा वाजता खारेपणाचा आकडा वर चढला.

एकशे बारा नळ्या. पंप खारं पाणी जोरानं आत दाबतो, मीठ आतल्या बारीक पडद्याच्या गुंडाळीवर अडतं, गोडं पाणी बाहेर येतं. कुठल्यातरी एकीतून खारं पाणी चोरवाटेनं मिसळत होतं.

तेवढ्यात मावशीच्या आईचा फोन.

"अख्ख्या गल्लीला पिंपं उपडी करून घासायला लावलीत मी. टँकरवाल्यालाही नको म्हणून कळवलंय. माझं नाक कापू नकोस!"

"नाही कापत. ठेव आता."

आमचे साहेब खारेपणा मोजायचा मीटर घेऊन पहिल्या नळीपासून निघाले. मावशी पेला घेऊन शेवटच्या. प्रत्येक नळीला छोटी तोटी असते. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, बादलीत थुंकायचा.

"मावशी, हे कसलं शास्त्र?" साहेब ओरडले.

"वाढण्याआधी चाखत नाहीत का तुमच्या घरी?"

"आमच्या घरी मला परवानगी नाही!"

दर नळीला आकडा स्थिरावेपर्यंत थांबत साहेब एकोणिसाव्या नळीशी पोचले होते. मावशीनं सत्तेचाळिसाव्या नळीशी तोंड वाकडं केलं. "हीच बया."

मीटर लावला. तीच होती. मी थक्क.

पंप थांबवून झाकण उघडलं. आतली रबरी रिंग बसवतानाच चिमटून फाटली होती. कुणी बसवली? मी वही उघडली, ती ओळ वाचली आणि वही मिटली.

"वाच की मोठ्यानं."

"मावशी... तुझीच सही आहे."

ती कानापर्यंत लाल झाली.

"ही बसवली तेव्हा चष्मा घरी राहिला होता. म्हटलं, हाताला सवय आहे. लिही. तसंच लिही."

मी लिहिलं. तिनं चष्मा लावला, नवी रिंग बोटानं दोनदा चाचपली, बसवली. पंप सुरू झाला. आकडा उतरला. बाराला पाच कमी होते.

एक वाजता पुन्हा आईचा फोन. मावशीनं स्पीकर लावला. मागे पिंपांचा खडखडाट, बायकांचा गलका.

"आलं गं, आलं! धो धो!"

"प्यायलीस? चव कशी आहे?"

"चव? पाण्याला कसली आलीय चव?"

मावशीनं फोन छातीशी धरला. मग साहेबांसमोर उभी राहून अशी हसली, की तेही हसत सुटले.