वन्संच्या तळ्यावरची बाळंतीण

आमच्या वन्संइतकं थोडं बोलून पुरेपूर भांडणारं माणूस उभ्या पुण्यात दुसरं नसेल. इतरांना भांडायला अर्धा तास लागतो, वन्संना एक वाक्य पुरतं. ऐकणाऱ्याला आपण हरलो हे घरी जाऊन चहा घेताना कळतं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्या माहेरी, मांजरी गावाला आल्या, त्या कायमच्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात पहिली भीती वाटली ती वन्संची, आणि पहिल्यांदा जवळ घेतलं तेही वन्संनीच. मी चार माणसांत बोलत नाही. पाहुणे मला काही विचारू लागले की वन्सं मधेच म्हणत, “ती बरी हाय. तुमचं सांगा.” पाहुणे निमूट स्वतःचं सांगू लागत.

आमचं उसाचं रान होतं. आजूबाजूला कंप्युटरच्या कंपन्या आल्या तशा उसाच्या जागी इमारती उगवू लागल्या, आणि आमचंही रान बिल्डरकडे गेलं. आमच्यात बहिणी साडीचोळी घेऊन भावासाठी हक्क सोडतात. वन्संनी सगळ्या रानावर सही केली, पण ओढ्याकाठच्या कोपऱ्यावर केली नाही. तिथं मुरमाची जुनी खाण पाण्यानं भरून तळं झालं होतं. ह्यांनी साडी पुढं केली तर म्हणाल्या, “साडी फाटंल. तळं फाटत न्हाई.” त्यांनी त्यात रोहू आणि कटला सोडले. स्वतः मासा तोंडात घालत नसत, पण माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मळून गोळे करत, आणि एखादा दांडगा मासा पुढं पुढं करू लागला की त्याला काठावरून दटावत, “दुसऱ्यालाबी खाऊ दे की रे.” मासे न्यायला व्यापारी आला की तळ्याकडं पाठ करून बसत. टेम्पो हलल्याचा आवाज आला की मला हळूच विचारत, “गेले का पाव्हणे?”

तळ्याच्या तिन्ही बाजूंनी सोसायटी उभी राहिली. बिल्डरनं घरं ‘लेक व्ह्यू’ म्हणून विकली आणि घरं विकून झाल्यावर तोच लेक बुजवून गाड्या लावायला जागा करायचं त्याच्या मनात आलं. सोसायटीतल्या एक बाई खाली येऊन गोड आवाजात म्हणाल्या, “आजी, तळ्यामुळे डास फार होतात हो.” वन्सं म्हणाल्या, “डास आधीपास्नं हितलेच हायेत. तुम्हीच नवीन.” पण ह्यांचंही मन बिल्डरकडं झुकलं होतं. शेवटी चार माणसांसमोर वन्संनी शब्द दिला, की तळ्यातले मासे संपले तर सही करीन. मासे संपतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्यात मासे कमी होऊ लागले. काठावर अर्धे खाल्लेले मासे दिसत. वन्संनी लगेच ठरवलं की चोर सोसायटीचे वॉचमन. दुपारी जेवणाच्या वेळेला त्या गेटवर गेल्या आणि एकेकाला डबा उघडायला लावून वास घेतला. मी पदर तोंडाला लावून मागं उभी. एकात बटाटा, एकात बेसन. तिसरा वॉचमन यवतमाळकडचा होता. तो हात जोडून म्हणाला, “मावशी, मी त माळकरी माणूस आहो. अंडंही खात नाही.” वन्संनी त्याचाही डबा हुंगला आणि म्हणाल्या, “मीठ कमी हाय.” दुसऱ्या दिवशी त्याला आमच्या घरून भाकरी आणि ठेचा गेला. वन्संची माफी अशीच, हातात ठेवायची, तोंडानं मागायची नाही.

खरा चोर दाखवला तो कर्वेनगरहून स्कूटरवर येणाऱ्या एका बाईंनी. ओढ्यांतल्या जनावरांचा त्या अभ्यास करत. चिखलातले पंजांचे ठसे बघून त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, “आजी, ही पाणमांजरं आहेत. या भागात कुणी पाहिलीच नव्हती इतकी वर्षं.” जुनी माणसं ज्याला ऊद म्हणत तेच हे. वन्संच्या लहानपणी नदीवर त्यांचे कळप होते. मग कातड्यासाठी मारले, जाळी फाडतात म्हणून मारले, नदीतली वाळू उपसली, पाण्यावर फेस आला, आणि ऊद दिसेनासे झाले. बाईंनी सांगितलं की धरणांच्या फुगवट्याकडं थोडे तग धरून राहिले होते. तिथं त्यांचं बरं चाललंय, आणि आता त्यांची पिल्लं नवी जागा शोधत ओढ्याओढ्यानं वर सरकतायत. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझंच तळं घावलं व्हय?”

व्यापाऱ्यानं सल्ला दिला की मेलेल्या माशात औषध भरून ठेवा, दोन दिवसांत काम होईल. ह्यांनी सापळा आणतो म्हटलं. आम्हाला वाटलं, आता ऊद गेलेच. पण सकाळी पेंड टाकायला गेलेल्या वन्सं रिकामी टोपली घेऊन धावतच परत आल्या. धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “उंबराच्या मुळाखाली बीळ हाय. बारकी पिल्लं हायेत तिला. बाळंतीण हाय ती. सव्वा महिना कुणी तिकडं फिरकायचं न्हाई.” ह्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, “आक्का, ती तुझेच मासे खाते.” वन्सं म्हणाल्या, “मग काय, बाळंतिणीला उपाशी ठिवू?”

सव्वा महिना आम्ही सगळ्यांनी ते बाळंतपण काढलं. काठाला गोधड्या वाळत घालून आडोसा केला. औषधवाल्या व्यापाऱ्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. सोसायटीत कुणाच्या तरी वाढदिवसाला मोठ्यानं गाणी लागली तर वन्सं थेट सेक्रेटरींच्या दारात गेल्या. म्हणाल्या, “घरात बाळंतीण हाय. आवाज बारीक करा.” गाणी बंद झाली. सेक्रेटरींच्या पत्नी भल्या होत्या, दुसऱ्या दिवशी लोकरीचं विणलेलं टोपडं घेऊन आल्या. वन्संनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “तीन हायेत.”

सव्वा महिना संपला तेव्हा तळ्यात पेंडीवर येणारे मासे जवळजवळ उरले नव्हते. शब्द दिलेला होता. सकाळी हे कागद आणि पेन घेऊन तळ्यावर आले. वन्संनी ओठावर बोट ठेवून त्यांना दगडावर बसवलं. मी चहाचे कप घेऊन मागं उभी होते. ऊदीण पिल्लांना पोहायला शिकवत होती. ती एकेकाची मानगूट धरून पाण्यात नेई, आणि पिल्लू चिंचीं करत परत काठावर पळे. सगळ्यात बारकं तर ह्यांच्या चपलेपर्यंत आलं. हे हसले. मग हळू आवाजात म्हणाले, “आक्का, ही परत जाणार कधी?”

वन्संनी पाण्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, “माहेरी आलेल्या बाईला असं इचारत न्हाईत.”

ह्यांची मान खाली गेली. वन्सं नवरा गेल्यावर आल्या त्या वर्षी ह्यांनी, तेव्हा लहानच होते ते, अंगणात सगळ्यांदेखत त्यांना हेच विचारलं होतं. सासूबाईंनी मला सांगितलं होतं. भावंडं त्यावर कधी बोलली नाहीत. मग ह्यांनी पेन खिशात ठेवलं आणि उठत म्हणाले, “पेंड संपली असंल. आणतो. आन् माशांचं बियाणं कुठं मिळतं तेबी बघतो.” वन्सं म्हणाल्या, “रोहूचं आण. तिला रोहू आवडतो.”

तळं राहिलं. बिल्डरनं भिंत मागं घेतली. पाऊसकाळात ओढ्याला पाणी आलं तसे ऊद निघून गेले. कर्वेनगरच्या बाई मधून मधून फोन करतात, खाली नदीला अमुक ठिकाणी दिसले, तमुक ठिकाणी नवी पिल्लं आहेत. वन्सं म्हणतात, “पसरू देत. जागा हाय.” पुढच्या थंडीत एक ऊदीण परत आली. वन्सं म्हणाल्या, तीच ही. बाई म्हणाल्या, “असेलही, आजी.” वन्सं म्हणाल्या, “असंलही न्हाई. हाय.” त्यानंतर काही हिवाळ्यांत कुणीतरी येतं, काहींत येत नाही.

यंदा वन्संच्या गुडघ्यांनी साथ सोडली. त्या खाटेवरच असतात, बोलणं आणखी कमी झालंय. सकाळी मीच तळ्यावर जाते. आज पाण्यावर काही हललं नाही, पण काठच्या धोंड्यावर ऊदाची ओली घाण पडलेली होती, त्यात माशांचे खवले चमकत होते. घरी येऊन मी तेवढंच सांगितलं. वन्संनी विचारलं, “ताजी हाय?”

“ताजी आहे,” मी म्हटलं.

“मग पेंड जरा जास्त टाकत जा,” त्या म्हणाल्या, आणि कूस वळवून डोळे मिटले.