बाईंनी घातलेलं पथ्य

नव्या डॉक्टरने चिठ्ठी लिहायला पेन उघडलं, की बाई त्या कागदावर आपला तळहात ठेवायच्या. "पथ्य काय सांगणार?" असं विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत हात उचलायच्या नाहीत.

रत्नागिरीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात त्या जुन्या नर्स होत्या. अंगाने एवढ्याशा, आवाज मात्र फाटकापर्यंत जाणारा. ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही डॉक्टर बहुतेक घाटावरचे. मी तर सोलापूरकडचा. वर्ष-दोन वर्षं काढायची नि बदलीच्या मागे लागायचं, एवढाच आमचा बेत. आम्हाला शिकवायला बाईंना कोणी नेमलं नव्हतं. दुपारी गर्दी ओसरली, की त्या स्टुलावर बसून पट्ट्या कापत आमचा वर्ग घ्यायच्या. "पास होऊन आलात ते बरंच झालं. आता जरा इथली माणसं शिका." अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. पगार एका कामाचा, करतात भलतंच.

मी पहिल्याच जुलैत कुटुंबनियोजनाचं शिबिर ठरवलं. बाई म्हणाल्या, "नवरे सगळे मुंबईला. समजावणार कोणाला, भिंतींना? शिमग्याला ठेवा, घरटी एक पुरुष मिळेल." मी हट्टाने ठेवलं. दोन म्हातारे आले, त्यातला एक पावसाच्या आडोशाला आला होता.  बाईंनी दोघांना चहा दिला आणि मलाही दिला.

मग सुनंदा आली. आतल्या खेड्यातली शेतकऱ्याची सून, नवरा गिरणीत, पदरात दोन पोरं आणि छातीत क्षय. त्या दिवशी बाई रजेवर होत्या, त्यामुळे कागदावर हात ठेवायला कोणी नव्हतं. मी तिला नीट समजावलं, की दीड वर्ष औषध चुकवायचं नाही. वर मोठ्या उदारपणे सांगितलं, "पथ्य काहीच नाही. अंडी खा, मासे खा, वाटेल ते खा."

दीड महिन्याने सासू तिला जवळजवळ उचलूनच घेऊन आली. वजन आणखी उतरलेलं, थुंकीत रक्त. गोळ्यांची पुडी जशीच्या तशी सासूच्या पिशवीत.

मी चिडलो. सासू शांतपणे म्हणाली, "डागदर, तुमीच बोललात काय पण खा. ज्याला पथ्य नाय, त्या औषदात जोर तो कसला?"

 अजून दोन महिने असेच गेले असते तर सुनंदा मेली असती, आणि ते माझ्या उदारपणाने. बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या सुनंदाजवळ जाऊन बसल्या. माहेर कुठलं, परसात काय लावलंय, पोरं काय खातात, असं अर्धा तास चाललं होतं. शेवटी विचारलं, "आणि तुला काय आवडतं गो?"

"वांगं," सुनंदा लाजून म्हणाली. "भाजलेलं पण, भाजी पण."

"मग ऐक. गोळी रोज घ्यायची आणि वांग्याला शिवायचं नाही. मी सांगेपर्यंत. गोळी चुकली, तर पथ्य पहिल्यापासून."

सासूचा चेहरा एकदम उजळला. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, याला म्हणतात औषध.

त्या गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "हे शास्त्रात कुठेच नाही. चक्क खोटं आहे."

"खोटं काय बोलले मी? वांगं खाऊ नको म्हणाले. न खाऊन कोण मेलंय?"

"पण आवडीचंच का?"

"नावडतं सोडायला काय लागतं? उद्या मी तुम्हाला कारलं बंद केलं तर तुम्ही पेढे वाटाल."

मला पटलं. नको इतकं पटलं. आठवडाभर मी सगळ्यांना पथ्यं घालत सुटलो. एका खारव्याला तर खोकल्यासाठी मासेच बंद केले. तो उठला आणि थेट देवऋष्याकडे गेला. बाईंनी कपाळाला हात लावला. "त्याने जेवायचं काय मग, जाळं?" त्या दिवसापासून पथ्य सांगायच्या आधी मी चार प्रश्न विचारू लागलो. अजूनही विचारतो.

सुनंदा दर महिन्याला येऊ लागली. गोळीची आठवण सासूच ठेवायची. सुनंदाचा खोकला थांबला, गालांवर मांस आलं. बाई दर वेळी तिला जवळ घेऊन विचारायच्या, "वांगं?" ती मान हलवायची.

औषध संपायला चार महिने असताना बाई निवृत्त झाल्या आणि हेदवीला भावाकडे राहायला गेल्या. पावसाळ्यात तिथेच हृदयविकाराने गेल्या. त्या गेल्याचं आम्हाला आठवड्याने कळलं. दुपारचा तो पट्ट्या कापण्याचा आवाज आता कायमचा बंद झाला, आणि दवाखाना मला सोसवेना.

दिवाळीनंतर सुनंदाचा शेवटचा फोटो निघाला. छाती स्वच्छ होती. मी म्हटलं, "झालं. आता वांगंसुद्धा खा."

"बाय हेदवीवरनं कधी येतील?"

इतके दिवस टाळलेलं शेवटी सांगितलं, की बाई गेल्या. ती तिथेच खाली बसून रडली. सासूनेही डोळ्यांना पदर लावला. डोळे पुसून सुनंदाने विचारलं, "मग आता पथ्य सोडवायचं कोणी?"

"मी सोडवतो की. मी डॉक्टर आहे."

तिने मला नीट निरखलं. "तुमी घातलं व्हतंत काय?"



पुढे तीन-चार वर्षांनी तिच्या घरी सत्यनारायण होता, मला आग्रहाचं बोलावणं आलं. सुनंदा धडधाकट, पंगतीत वाढत होती. वांग्याची भाजी तिनेच केली होती, आणि तीत मीठ भलतंच पडलं होतं. माझा घास अडलेला पाहून सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"खारट झाली ना? हिने चाखली नाय. बाय बोलल्या नायत ना अजून."

मला बाईंची फार आठवण आली. मी पाणी प्यायलो आणि सुनंदाला हाक मारून आणखी भाजी मागितली.